एकाच सभागृहात दोन पंगती : ६५ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचे प्रकरण

२ मे २०१८. दिल्लीच्या विज्ञान भवनात दुसऱ्या दिवशीच्या समारंभाची रंगीत तालीम होती. देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून विजेते आले होते. कोणी आसामहून, कोणी केरळहून, कोणी सोलापूर जिल्ह्यातून. बरेच जण आयुष्यात पहिल्यांदाच अशा समारंभाला आले होते आणि घरच्यांनाही सोबत घेऊन आले होते. त्या तालमीच्या वेळी त्यांना कळले की राष्ट्रपती रामनाथ कोविंद फक्त ११ पुरस्कार देणार आहेत. बाकीचे पुरस्कार माहिती व प्रसारण मंत्री स्मृती इराणी आणि राज्यमंत्री राज्यवर्धनसिंह राठोड यांच्या हस्ते दिले जातील.

दुसऱ्या दिवशी पन्नासहून अधिक विजेते समारंभाला गेलेच नाहीत. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते.

चित्रपट रसास्वादाच्या वर्गात हे प्रकरण मी दरवर्षी चर्चेला घेतो. मुले पहिल्या पाच मिनिटांत दोन गटांत विभागली जातात. एक गट म्हणतो, कलावंतांचा अहंकार. दुसरा म्हणतो, सरकारचा उद्दामपणा. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण काय घडले हे कोणी नीट तारखांनिशी मांडत नाही. म्हणून आधी तारखा.

त्या वर्षीच्या पुरस्कारांची घोषणा १३ एप्रिल २०१८ रोजी झाली. कथापटांच्या केंद्रीय परीक्षक मंडळाचे अध्यक्ष शेखर कपूर होते. रीमा दास यांच्या ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ या आसामी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. दिग्दर्शनाचा पुरस्कार मल्याळी दिग्दर्शक जयराज यांना, अभिनेत्याचा अवघ्या एकोणीस वर्षांच्या रिद्धी सेनला, संगीताचा ए. आर. रहमान यांना. अभिनेत्रीचा पुरस्कार श्रीदेवी यांना मरणोत्तर मिळाला; त्यांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. दादासाहेब फाळके पुरस्कार विनोद खन्ना यांना, तोही मरणोत्तर. मराठीसाठीही वर्ष भरघोस होते. प्रसाद ओक यांचा ‘कच्चा लिंबू’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, अमर देवकर यांचा ‘म्होरक्या’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट, निपुण धर्माधिकारी यांच्या ‘धप्पा’ला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार, आणि कथाबाह्य (लघुपट, माहितीपट अशा) विभागात दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘पावसाचा निबंध’साठी नागराज मंजुळे यांना.

समारंभाचा दिवस ठरला ३ मे. १९१३ साली याच तारखेला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला होता.

घोषणा आणि रंगीत तालीम यांच्यामध्ये १९ दिवस होते. या प्रकरणात मला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा हाच वाटतो.

विजेत्यांचे म्हणणे असे होते की पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळणार असेच निमंत्रणात सांगितले गेले होते. बदलाची कुणकुण त्यांना तालमीपर्यंत लागली नाही. त्या संध्याकाळी मंत्रालयाच्या बाजूशी बोलणे झाले, तोडगा निघाला नाही. मग एक पत्र तयार झाले आणि साठहून अधिक जणांनी त्यावर सह्या केल्या. काटेकोर शिष्टाचार पाळणारा समारंभ इतकी महत्त्वाची गोष्ट आधी सांगत नाही, हा विश्वासभंग आहे, आणि ६५ वर्षांची परंपरा एका क्षणात मोडली जाते आहे, असा त्या पत्राचा आशय होता. पुरस्कार आम्ही नाकारत नाही, समारंभाला न येऊन फक्त नाराजी कळवतो आहोत, हेही त्यात स्पष्ट होते.

हा फरक बारीक असला तरी मोलाचा आहे. पुरस्कार परत करणे म्हणजे परीक्षकांचा कौल झिडकारणे. इथे तसे काही नव्हते. शेखर कपूर यांच्या मंडळाने जे ठरवले त्याबद्दल सह्या करणाऱ्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती फक्त देण्याच्या रीतीबद्दल.

राष्ट्रपती भवनाचे उत्तर त्यांचे माध्यम सचिव अशोक मलिक यांच्याकडून आले. पदभार घेतल्यापासून राष्ट्रपती कोणत्याही पुरस्कार सोहळ्याला किंवा पदवीदान समारंभाला जास्तीत जास्त एक तास थांबतात. हा नियम मंत्रालयाला कित्येक आठवडे आधी कळवला होता आणि मंत्रालयाला तो पूर्ण वेळ ठाऊक होता. ऐनवेळी उपस्थित झालेल्या प्रश्नांचे राष्ट्रपती भवनाला आश्चर्य वाटते, असेही त्यांनी म्हटले.

हे निवेदन नीट वाचले की एक गोष्ट उघड होते. एक तासाची मर्यादा राष्ट्रपती भवनाने घातली. त्या तासात काय बसवायचे, उरलेल्यांचे काय करायचे आणि ते त्यांना कधी सांगायचे, ही सगळी जबाबदारी त्यानंतर मंत्रालयाची होती. विजेत्यांचा राग सुरुवातीला राष्ट्रपतींच्या दिशेने गेला, तो चुकीच्या दारावर गेला असे मला वाटते.

३ मे रोजी समारंभ दोन टप्प्यांत झाला. दुपारी पहिला टप्पा, त्यात मंत्र्यांच्या हस्ते पुरस्कार. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास दुसरा, त्यात राष्ट्रपती. गैरहजर राहिलेल्यांच्या खुर्च्या आणि त्यांवरच्या नावाच्या पट्ट्या सभागृहातून काढून घेतल्याच्या बातम्या आल्या. विनोद खन्ना यांचा पुरस्कार कविता आणि अक्षय खन्ना यांनी घेतला. श्रीदेवी यांचा पुरस्कार घ्यायला बोनी कपूर जान्हवी आणि खुशी या मुलींना घेऊन आले होते. या दोन घरांसाठी तो दिवस मुळात दुःखाचाच होता, आणि त्यांनी या वादात पडावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

सह्या करणाऱ्यांपुढचा पेच त्याहून अवघड होता. सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळालेला फहाद फासिल समारंभ न पाहता परतला. गायक के. जे. येशुदास आणि दिग्दर्शक जयराज यांनी पत्रावर सही केली, पण ते समारंभाला आले आणि पुरस्कार घेतला. त्यावरून त्यांच्यावर, विशेषतः केरळात, खूप टीका झाली. मला ती टीका एकतर्फी वाटते. ज्याला राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार मिळणारच आहे, त्याने बाकीच्यांसाठी पत्रावर सही करणे हीसुद्धा एक भूमिका आहे. समारंभाला जाऊन ती भूमिका पुसट झाली हे खरे, पण ती नव्हतीच असे म्हणता येत नाही.

तक्रार नेमकी कशाची होती

आता पत्रातल्या त्या वाक्याकडे येतो : ६५ वर्षांची परंपरा.

ही परंपरा अखंड नव्हती. २०१२ साली, ५९ व्या पुरस्कारांच्या वेळी, उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांच्या हस्ते पुरस्कार दिले गेले होते. मराठी वाचकाला तो सोहळा आठवत असेल, कारण त्या वर्षी उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’ला ‘ब्यारी’ या चित्रपटासोबत विभागून सुवर्णकमळ मिळाले होते आणि गिरीश कुलकर्णी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले होते. सौमित्र चटर्जी यांना फाळके पुरस्कार मिळाला तोही त्याच वर्षी. त्या दिवशी राष्ट्रपती मंचावर नव्हत्या आणि त्यावरून पन्नास विजेते घरी बसले नाहीत.

म्हणजे २०१८ ची तक्रार खोटी होती का? मुळीच नाही. ती चुकीच्या शब्दांत मांडली गेली. ‘राष्ट्रपती नाहीत’ हे दुखणे नव्हते. ‘राष्ट्रपती आहेत, पण तुमच्यासाठी नाहीत’ हे दुखणे होते.

यासाठी मराठीत फार जुना आणि नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच मांडवात, एकाच पंगतीत बसलेल्या माणसांना वेगवेगळे वाढणे. घरात आज फक्त पिठलंभाकरी आहे म्हटले तर पाहुणा पोटभर जेवून उठतो. पण शेजारच्या पानात पुरणपोळी आणि आपल्या पानात भाकरी पडली की घास घशाखाली उतरत नाही. यात भाकरीला कोणी नावे ठेवत नाही. मंत्र्यांच्या हातून पुरस्कार घेण्यात काहीही कमीपणा नाही. महाराष्ट्र राज्य चित्रपट पुरस्कार वर्षानुवर्षे मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या हस्ते दिले जातात आणि आपले कलावंत ते आनंदाने घेतात. दुखते ते वाढण्यातली समानता मोडली की.

राष्ट्रीय पुरस्कारांत तर ही समानता पुरस्काराच्या रचनेतच आहे. इथे प्रेक्षकांची मते मोजली जात नाहीत, तिकीटबारीवरचा गल्ला पाहिला जात नाही. पाच प्रादेशिक मंडळे आपापल्या भागातले चित्रपट पाहून शिफारस करतात, मग केंद्रीय मंडळ अंतिम निवड करते. त्या परीक्षेत आसामातल्या बारपेट्याचा, बार्शीचा आणि वांद्र्याचा चित्रपट एकाच पडद्यावर, एकाच खोलीत पाहिला जातो. कथाबाह्य चित्रपटांचे मंडळ वेगळे, चित्रपटविषयक लेखनाचे वेगळे. संकलन, वेशभूषा, रंगभूषा, स्थळध्वनिमुद्रण (चित्रीकरणाच्या जागीच आवाज टिपणे), ध्वनिमिश्रण या कामांना तेव्हा देशात दुसरीकडे कुठेही इतका मान मिळत नव्हता. नटाला वर्षभरात दहा ठिकाणी बाहुली मिळते, दूरचित्रवाणीवर सोहळे दिसतात. स्थळध्वनिमुद्रकाचे नाव मोठ्याने पुकारले जाईल असा दिवस त्याच्या आयुष्यात बहुधा एकच यायचा. पुढे त्या क्षणाचे छायाचित्र गावच्या घरात भिंतीवर लागते आणि त्यात कोण कोणाच्या हातून काय घेतो आहे, हे घरातली आजी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. शहरात बसून याला बालिश म्हणणे सोपे आहे. मला ते म्हणवत नाही.

‘व्हिलेज रॉकस्टार्स’चेच पाहा. रीमा दास यांनी लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, निर्मिती असे सगळे स्वतःच्या अंगावर घेऊन, आपल्या गावातल्या मुलांना घेऊन तो चित्रपट केला. त्याला चार पुरस्कार मिळाले : सर्वोत्कृष्ट चित्रपट, संकलन, स्थळध्वनिमुद्रण आणि बालकलाकार. एकाच गावात, एकाच चित्रपटासाठी झालेली ही कामे. त्यांतले हे काम राष्ट्रपतींच्या हाताला शोभणारे आणि ते मंत्र्यांच्या, अशी वाटणी कोणत्या तत्त्वावर करायची? परीक्षक मंडळाने तर या सगळ्यांना ‘देशात सर्वोत्कृष्ट’ हेच विशेषण लावले होते. वरच्या यादीतले आणि खालच्या यादीतले असा भेद निवडीत नव्हता. तो समारंभाच्या वेळापत्रकात शिरला.

राष्ट्रपतींचे नाव या पुरस्कारांना चिकटले आहे त्यालाही कारण आहे. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ साली अहवाल दिला आणि त्यानंतर केंद्र सरकारने हे पुरस्कार सुरू केले. १९५४ साली पहिल्यांदा दिले गेले तेव्हा सर्वोच्च सन्मानाचे नावच ‘राष्ट्रपती सुवर्णपदक’ होते, आणि तो पहिला मान आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाला. आपल्याकडे तीन पिढ्यांनी ते वाक्य असेच पाठ केले : राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळालेला पहिला चित्रपट. तेव्हा पुरस्कार फक्त चित्रपटांना होते. नट, नट्या आणि तंत्रज्ञ यांना स्वतंत्र पुरस्कार १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले. उत्तमकुमार आणि नर्गिस हे अभिनयाचे पहिले मानकरी. पुढे यादी वाढत गेली आणि मंचावर येणाऱ्यांची संख्या शंभराच्या वर पोचली. सन्मानाची कल्पना १९५४ ची, गर्दी २०१८ ची, आणि हातात वेळ एक तासाचा. गणित जुळणार नव्हते हे उघड होते.

मंत्रालयापुढे काय पर्याय होते

शंभराहून अधिक माणसे. प्रत्येकाचे नाव, कामाबद्दल दोन वाक्ये, मंचावर येणे, पदक, छायाचित्र, उतरणे. कितीही घाई केली तरी माणशी मिनिटभर जाते. फाळके पुरस्कार आणि भाषण धरले तर अडीच-तीन तास. ध्वनिसंयोजक रसूल पूकुट्टी यांनी तेव्हा जाहीरपणे म्हटले होते की आमच्या सन्मानासाठी सरकारला तीन तास देता येत नसतील तर पुरस्कार देण्याचा त्रासच घेऊ नये. त्यांचा संताप मला समजतो. तरीही घटनात्मक पदावरच्या व्यक्तीने आपल्या वेळेचा एकच नियम सगळ्या समारंभांना लावला असेल, तर तो नियम अन्यायाचा म्हणता येत नाही. एक तास ही अडचण होती, अपराध नव्हता.

या अडचणीतून वाट होती आणि ती त्याच वर्षी, त्याच दिल्लीत दिसली होती. २०१८ च्या पद्म पुरस्कारांचे ऐंशीहून अधिक मानकरी होते. राष्ट्रपती भवनात २० मार्च आणि २ एप्रिल असे दोन सोहळे झाले आणि दोन्हींत राष्ट्रपतींनीच पुरस्कार दिले. तिथे दिवस विभागले, देणारा हात नाही. चित्रपट पुरस्कारांसाठीही कथापट एका दिवशी आणि कथाबाह्य व लेखन दुसऱ्या दिवशी, असे मांडता आले असते. खर्च वाढला असता, विज्ञान भवनाऐवजी राष्ट्रपती भवनात जावे लागले असते, दूरचित्रवाणीला एकच झगमगता कार्यक्रम मिळाला नसता. या किमती परवडण्यासारख्या होत्या.

दुसरा पर्याय २०१२ चा : सगळे पुरस्कार उपराष्ट्रपतींच्या हस्ते.

तिसरा सगळ्यांत स्वस्त होता. ११ आणि बाकीचे हीच विभागणी ठेवायची, पण १३ एप्रिलनंतर आठवडाभरात प्रत्येक विजेत्याला तसे पत्र पाठवायचे. पंक्तिप्रपंच राहिलाच असता आणि नाराजीही झाली असती. पण ज्याला यायचे तो जाणून आला असता, ज्याला यायचे नाही त्याने घरूनच कळवले असते. आईवडिलांना विमानाने दिल्लीला आणून, त्यांच्यासमोर ऐनवेळी कमी लेखले गेल्याची भावना तरी झाली नसती. ज्याने गावच्या गणेशोत्सवात बक्षीस समारंभ सांभाळला आहे त्याला हे शिकवावे लागत नाही : प्रमुख पाहुणे लवकर निघणार असतील तर ते मुलांना मंचामागे नाही, आदल्या आठवड्यात सांगायचे असते. किंवा मग पाहुणे असेपर्यंत जेवढी बक्षिसे होतील तेवढी, लहान गटापासून, क्रमाने उरकायची असतात. गाजलेली नावे निवडून वर काढायची नसतात.

मंत्रालयाने या तिन्हींपैकी काहीच केले नाही. त्या १९ दिवसांत मंत्रालयात काय विचार झाला असेल तो असो, विजेत्यांपर्यंत त्यातले काही पोचले नाही. माझ्या मते हाच या प्रकरणाचा गाभा आहे. राजकारण, पक्ष, विचारसरणी यांवरून तेव्हा बरेच बोलले गेले, पण त्या पत्रात राजकारण नव्हते आणि सह्या करणाऱ्यांत सगळ्या भाषांचे, सगळ्या मतांचे लोक होते.

विजेत्यांच्या बाजूलाही एक गोष्ट म्हणायची राहते. रीमा दास यांच्यासारख्या दिग्दर्शिकेचे, एका आसामी खेड्यातल्या मुलांचे ते वर्ष होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्या चित्रपटाला मिळायला हवी होती ती जागा रिकाम्या खुर्च्यांनी घेतली. हे नुकसान कोणाच्या खात्यावर टाकायचे हा प्रश्न वर्गात दरवर्षी अनुत्तरित राहतो. मी स्वतः ते मंत्रालयाच्या खात्यावर टाकतो, पण सगळे नाही.

पुढे काय झाले

१४ मे २०१८ रोजी स्मृती इराणी यांच्याकडून हे खाते काढले गेले आणि राठोड यांच्याकडे स्वतंत्र कार्यभार आला. लोकसभा निवडणुकीमुळे पुढच्या वर्षीची घोषणा लांबून ९ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. तोवर खाते प्रकाश जावडेकर यांच्याकडे होते. ६६ वे पुरस्कार २३ डिसेंबर २०१९ रोजी उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांनी दिले. ‘भोंगा’, ‘पाणी’, ‘नाळ’ अशी मराठी नावे त्याही यादीत होती. अमिताभ बच्चन आजारपणामुळे त्या दिवशी येऊ शकले नाहीत, त्यांना फाळके पुरस्कार २९ डिसेंबरला राष्ट्रपती भवनात कोविंद यांनी दिला. ६७ वे पुरस्कारही २५ ऑक्टोबर २०२१ रोजी नायडू यांच्याच हस्ते दिले गेले.

या दोन्ही सोहळ्यांत २०१८ सारखा सामूहिक बहिष्कार झाला नाही. ज्या ‘परंपरे’साठी विजेते घरी बसले होते, ती दोन वर्षे पूर्णपणे बाजूला ठेवली गेली, आणि सभागृह भरलेले राहिले. २०१२ आणि २०१९ या दोन्ही टोकांना धरून पाहिले की मधल्या २०१८ चे दुखणे परंपरेचे नव्हते, वाढपाचे होते, हे माझे मत पक्के होते.

३० सप्टेंबर २०२२ रोजी ६८ व्या पुरस्कारांच्या वेळी राष्ट्रपती पुन्हा मंचावर आल्या. द्रौपदी मुर्मू यांनी विज्ञान भवनात पुरस्कार दिले, आशा पारेख यांना फाळके पुरस्कार दिला. त्या वर्षी ‘मी वसंतराव’ या मराठी चित्रपटाला दोन पुरस्कार होते : एक पार्श्वगायनाचा, राहुल देशपांडे यांना, आणि दुसरा ध्वनिरचनेचा, अनमोल भावे यांना. एक नाव महाराष्ट्रात घराघरांत माहीत असलेले, दुसरे चित्रपट संपल्यावर सरकत्या नामावलीत दिसणारे. दोघांचे पुरस्कार एकाच सोहळ्यातले आणि एकाच हातचे होते.